कुबड्याची तलवार

तलवारबाजीच्या चित्रपटांची गणना रसिक मंडळी सहसा उच्च कलेत करीत नाहीत. मुखवटा घातलेला खुनी, पोरके झालेले मूल, किल्ल्यातील चोरवाटा, मध्यरात्री भरधाव निघालेला घोडेस्वार आणि अखेरीस दुष्टाचा होणारा वध, हा सारा साचा इतका ठरलेला असतो, की पहिल्या दहा मिनिटांतच शेवट कळून चुकावा. हा आक्षेप खोटा नाही. परंतु ज्यांचा दिवस ओझी उचलण्यात, ऊस तोडण्यात किंवा लोखंड सांधण्यात जातो, त्या माणसांनी या चित्रपटांवर पिढ्यान्‌पिढ्या प्रेम केले आहे, हेही तितकेच खरे. शेवट ठाऊक असूनही ती माणसे तिकीट काढतात. ती तेथे नेमके काय पाहावयास जातात, या प्रश्नाचे उत्तर अल खफजी येथे एका खोलीत राहिलेल्या दोन मराठी कामगारांच्या हकिकतीत सापडते.

अल खफजी हे सौदी अरेबियाच्या ईशान्य टोकाला, आखाताच्या किनाऱ्यावर वसलेले गाव. कुवेतची सरहद्द तेथून अगदी जवळ. १९२२ सालच्या उकैरच्या तहाने तो प्रदेश दोन्ही राज्यांच्या समाईक हक्काचा, म्हणून ‘तटस्थ’ ठरला होता. पुढे जमिनीची वाटणी झाली, तरी तेलावरील हक्क समाईकच राहिला. १९६० च्या आरंभी अरेबियन ऑइल या जपानी कंपनीला किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाखाली तेल लागले आणि वाळूच्या पट्ट्यावर नगर उभे राहिले. जेथे तेल निघते तेथे नळ लागतात, टाक्या लागतात आणि ते नळ सांधणारे हातही लागतात. असे हात नाना देशांतून करारावर तेथे येत.

१९८८ साली एका कंत्राटदाराच्या कॅम्पमध्ये दोन खाटांच्या एका खोलीत दोन मराठी माणसे एकत्र आली. त्यांतील एक पन्नाशीचा. तो रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचा. अर्धे आयुष्य त्याने मुंबईच्या एका कापडगिरणीत काढले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा जो मोठा संप सुरू झाला, त्यानंतर हजारोंप्रमाणे त्याच्यापुढेही गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. दोन वर्षे गावी शेती पाहून, मग नळजोडणीचे काम शिकून तो आखातात आला. दुसरा सत्तावीस वर्षांचा वेल्डर. तो मॉरिशसच्या पश्चिम भागातील एका मराठी वस्तीतला. त्याचा पणजोबा मुंबईच्या बंदरातून उसाच्या मळ्यावर पाच वर्षांच्या करारावर गेला, तो परतला नाही. लहान माणसाने मोठ्याला पहिल्याच दिवसापासून ‘काका’ म्हटले, आणि काका त्याला कोकणच्या रीतीने ‘बाबू’ म्हणू लागले.

दोघेही मराठी खरे, परंतु आरंभी त्यांचे बोलणे मात्र मोडक्या हिंदीत चाले. बाबूच्या घरातील नित्याची भाषा क्रिओल. फ्रेंच त्याला शाळेने व चित्रपटांनी शिकविलेली. मराठी म्हणजे गणेशचतुर्थीची आरती, थोरल्या माणसांनी म्हटलेली झाकडीची गाणी आणि लहानपणी पाठ्यपुस्तकातून शिकलेले चार धडे. ऐकलेले बरेचसे समजे, पण तोंडातून शब्द बाहेर पडताना जीभ अडखळे. आपण मराठी म्हणवतो आणि मराठी बोलू शकत नाही, याची त्याला लाज वाटे. म्हणून मराठी येतच नाही, असे सांगून तो मोकळा होत असे.

१९८० च्या दशकात सौदी अरेबियात सार्वजनिक चित्रपटगृह नव्हते. ते रियाधमध्ये उघडले ते थेट एप्रिल २०१८ मध्ये. त्यामुळे शुक्रवारच्या सुटीला कॅम्पच्या दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच आणि व्हिडिओ हाच काय तो विरंगुळा. प्रत्येक देशाचा कामगार आपापली कॅसेट आणी. बाबूजवळ एकच होती. रेयुनियन बेटावरील केंद्राचे कार्यक्रम मॉरिशसमध्ये दिसत. त्यावरून त्याच्या भावाने ती उतरवून घेतली होती. जहरान विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यांनी ती तपासून परत केली होती. तिच्या पाठीवर शाईने लिहिले होते, ‘ल बोस्यू’, म्हणजे ‘कुबडा’.

१९५९ साली आंद्रे हुनेबेल यांनी दिग्दर्शित केलेला हा फ्रेंच रंगीत चित्रपट. त्याचा नायक झाँ मारे त्या वेळी शेचाळिशीत पोहोचला होता. तरीही घोडदौड, उड्या, तलवारीची चकमक ही कामे तो बदली माणूस न घेता स्वतः करी, अशी त्याची ख्याती होती. सोबतीला बुर्व्हिल हा हसविणारा नट. कथा पॉल फेव्हाल या कादंबरीकाराची, १८५७ सालची. नेव्हेरचा उमदा सरदार गोंझाग नावाच्या आप्ताच्या कपटाने रात्रीच्या अंधारात मारला जातो. खुन्याच्या तोंडावर मुखवटा असतो. नेव्हेरची तान्ही मुलगी उरते. लागार्देर नावाचा एक फटिंग तलवारबहाद्दर ते मूल उचलतो, मरणाऱ्याला सूडाचे वचन देतो आणि मुखवटेवाल्याच्या हातावर आपल्या तलवारीची खूण ठेवतो. त्या मुलीला घेऊन तो परमुलखात जातो, तिला वाढवितो, आणि बरीच वर्षे उलटल्यावर कुबड्याचे सोंग घेऊन पॅरिसला त्याच गोंझागच्या पदरी येऊन राहतो. धनी त्याला क्षुद्र समजतो, त्याच्यादेखत गुप्त गोष्टी बोलतो. वाकलेल्या माणसाकडे कोणी नीट पाहत नाही, हेच त्या सोंगाचे बळ. मग एके दिवशी सगळ्यांसमक्ष तो कुबडा ताठ उभा राहतो, आणि वचन पुरे होते.

बाबूने हा चित्रपट प्रथम पाहिला तो वडिलांच्या मांडीवर बसून, गावच्या चित्रपटगृहात, पुढच्या बाकावर. वडील उसाच्या मळ्यात कामाला होते. चाळिशीतच त्यांची पाठ वाकली होती. पडद्यावरचा कुबडा ताठ होण्याची वेळ आली, की ते बाकावर पुढे सरकत आणि मुलाचा हात घट्ट दाबीत. चित्रपट पुन्हा लागला तेव्हा पुन्हा तेच. वडील वारले, त्यानंतर मुलाने ती कॅसेट जपून ठेवली. परंतु वडील त्याच क्षणी हात का दाबीत, हे त्याला कधी उमगले नव्हते.

एका शुक्रवारी, कॅसेट आणणाऱ्या इतर मंडळींचा साठा संपला, तेव्हा ‘कुबड्या’चा नंबर लागला. काकांना फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. सुलेमानी चहाचा पेला हातात धरून ते मुकाट्याने पाहत होते. कुबडा गोंझागच्या वाड्यात शिरला, लवून मुजरे करू लागला, तशी त्यांची मान किंचित पुढे झाली. आणि तो माणूस ताठ होऊन तलवार उपसतो, त्या क्षणी काका ओरडले,

“अरे, हा तर आपला बहिर्जी!”

दिवाणखान्यातील मंडळी हसली. बाबू मात्र हसला नाही. काकांनी पेला खाली ठेवला होता आणि त्यांची पाठ भिंतीपासून सुटून सरळ झाली होती. त्याने तसे बसणे पूर्वी एकाच माणसाचे पाहिले होते.

शिवाजी महाराजांचा हेर बहिर्जी नाईक हा महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी असलेला पुरुष. फकीर होऊन, भिकारी होऊन, शत्रूच्या गोटात वावरून बातमी आणणारा, अशी त्याची आख्यायिका. भालजी पेंढारकरांनी १९४३ साली त्याच्यावर चित्रपटही काढला. काका तरुणपणी लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात जात. भालजींचा १९६४ सालचा ‘मराठा तितुका मेळवावा’ हा त्यांचा सर्वांत आवडता. सूर्यकांतांचे शिवाजी महाराज आणि सुलोचनाबाईंची जिजाऊ यांचे वर्णन ते असे करीत, की जणू ती माणसे शेजारच्या खोलीत राहत होती. त्यांच्या लेखी तलवारीचा चित्रपट एकच होता. पडद्यावरील टोपी फ्रेंच की मराठी पगडी, हा तपशील गौण.

त्या दिवसापासून एक नवीनच उद्योग सुरू झाला. काकांना संवाद समजून हवे होते. हिंदीत सांगितलेले त्यांना रुचेना. “बाबू, गोष्ट आपल्या भाषेत सांग. चुकलास तर मी आहे,” असे त्यांनी बजावले. मग दर शुक्रवारी कॅसेट थोडी चाले, थांबे, आणि बाबू मराठीत अर्थ सांगे. क्रिओलमध्ये निर्जीव वस्तूंना लिंग नसते. त्यामुळे त्याच्या मराठीत मोठी धांदल उडे. “तलवार तुटला,” असे तो म्हणाला, तेव्हा काका गंभीर चेहऱ्याने उत्तरले, “तुटली, बाबू. आपल्याकडे तलवार बाई आहे, आणि तिचा मान ठेवावा लागतो.” घोडा, किल्ला, मुखवटा, वचन, सूड, कट असे शब्द त्याने पुस्तकातून नव्हे, तर एका फ्रेंच चित्रपटातून मिळविले. दोन तासांचा चित्रपट मराठीत पुरा व्हावयास हिवाळा उलटला.

आपल्या अडखळण्याबद्दल तो खंत करी, तेव्हा काका त्याला मास्टर विठ्ठलची गोष्ट सांगत. ती त्यांनी गिरणीतल्या एका वृद्ध कोल्हापूरकर सोबत्याकडून ऐकली होती. मास्टर विठ्ठल हा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला नट. याच कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला होता. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीच्या मूकपटांतून विठ्ठलने तलवार अशी गाजविली, की लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. मूकपटाला भाषा नाही. त्याची तलवार सर्वांना सारखीच कळे. त्यानंतर १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आला, आणि त्याचा नायक म्हणून विठ्ठललाच निवडण्यात आले. शारदा कंपनीने करार मोडल्याचा दावा लावला. न्यायालयात विठ्ठलची बाजू मांडली ती बॅरिस्टर जिना यांनी, आणि तो त्या करारातून मुक्त झाला. परंतु बोलपटाचा नायक झालेल्या त्या वीराची वाणी हिंदी-उर्दूच्या उच्चारांत अडखळे. म्हणून भूमिकेतील त्याचे बोलणे बेताचेच ठेवावे लागले. पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मूकच! पुढे तो मराठी चित्रपटांत रमला. भालजींच्या १९३९ सालच्या ‘नेताजी पालकर’मध्येही त्याने काम केले. १९६९ साली तो वारला. त्याच्या बहुतेक मूकपटांच्या फिती नष्ट झाल्या आहेत, आणि ‘आलम आरा’ची एकही प्रत आज कोठे उपलब्ध नाही.

“एवढा मोठा तलवारबहाद्दर, पण जीभ अडली,” काका म्हणत. “तरी त्याने तोंड उघडले की नाही? मग तू का लाजतोस?”

कराराची गोष्ट ऐकून बाबू विचारात पडे. त्याच्या घराण्याचा इतिहासही करारापासूनच सुरू होत होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाज पोर्ट लुईच्या बंदरात लागले, तेव्हापासून १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे शर्तबंद मजूर म्हणून त्या धक्क्यावर उतरली. आरंभीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. आखातातील कामगार पत्र लिहू शकतो, दोन वर्षांनी घरी जाऊ शकतो, पैसे पाठवू शकतो. त्याच्या अडचणी कितीही खऱ्या असल्या, तरी मळ्यावरील त्या पहिल्या पिढीशी त्याची बरोबरी करता येत नाही. परंतु एक गोष्ट दोघांनाही समान आहे. धक्क्यावर उतरताक्षणी माणसाला क्रमांक मिळतो, आणि दिवसाच्या व्यवहारात नावाचे काम तो क्रमांकच करू लागतो.

कुबड्याच्या कथेचा आणि मॉरिशसचा आणखी एक संबंध आहे. तो त्या खोलीत कोणाच्या ध्यानी आला नसेल, पण आपल्या समाजाने तो जाणून घेण्याजोगा आहे. कथेचा उत्तरार्ध घडतो तो ड्यूक ऑफ ऑर्लिन्सच्या राजप्रतिनिधित्वाच्या काळात. हा कारभार सप्टेंबर १७१५ मध्ये सुरू झाला, आणि त्याच महिन्यात फ्रेंचांनी मॉरिशस ताब्यात घेऊन त्याचे नाव ‘ईल द फ्रान्स’ ठेवले. त्या वेळी जॉन लॉ या स्कॉटिश गृहस्थाने पॅरिसला भागभांडवलाचे वेड लावले होते. फेव्हालच्या कादंबरीत कुबडा आपली वाकलेली पाठ सट्टेबाजांना कागद लिहिण्याचे मेज म्हणून भाड्याने देतो. लोक त्याच्या कुबडावर कागद ठेवून भागांचे व्यवहार उरकतात. याच लॉच्या हातून १७१९ साली फ्रेंचांच्या निरनिराळ्या व्यापारी कंपन्या एकत्र होऊन ‘इंडीज कंपनी’ झाली, आणि दोन वर्षांनी ईल द फ्रान्स बेट तिच्या स्वाधीन करण्यात आले. वाकलेल्या पाठीवर श्रीमंतीचे कागद लिहिले जात, ही कादंबरीकाराची कल्पना. मॉरिशसच्या मळ्यांवर ती आधी गुलामांच्या आणि मग शर्तबंद मजुरांच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली. बाबूच्या वडिलांना हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पाठ मात्र त्यांची स्वतःची होती.

एके रात्री बाबूने पेटीतून एक घडी घातलेला कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शर्तबंद मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जतन करून ठेवल्या आहेत. त्यांतील पणजोबांच्या नोंदीचा तो उतारा होता. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची. पणजोबांचे पाळण्यातले नाव हेच पुढे सगळ्या घराचे आडनाव होऊन बसले होते. मूळचे आडनाव नोंदलेलेच नव्हते. अंगावरील खूण : उजव्या हाताच्या पाठीवर व्रण. पळून गेलेला मजूर पकडावयास सोपे जावे, म्हणून अशा खुणा लिहून ठेवीत. काकांनी तो भाग दोनदा वाचून घेतला. “सिनेमात धन्याच्या हातावर व्रण, आणि हिथं मजुराच्या,” एवढेच ते बोलले.

जिल्ह्याच्या रकान्यात इंग्रजी लेखनिकाने ऐकले तसे ‘रत्नागिरी’ लिहिले होते. गावाच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘कोंड’.

काका बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. कोकणात कोंड म्हणजे वस्ती, वाडी. गावाचे नाव विचारले असता त्या घाबरलेल्या माणसाने ‘अमुक कोंड’ असे सांगितले असावे, आणि लेखनिकाने त्यातला पहिला शब्द गाळला असावा, किंवा दुसरा. एकट्या संगमेश्वर तालुक्यात कोंड असुर्डे आहे, कोंडउमरे आहे, कोंडगाव आहे. साऱ्या जिल्ह्यातील कोंड मोजावयास एक जन्म पुरणार नाही. हे सारे काकांनी त्याला स्वच्छ सांगितले. खोटी आशा दाखविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. परंतु त्या उताऱ्याची एक नक्कल त्यांनी मागून घेतली आणि म्हणाले, “माझ्या तालुक्यातले तीन तरी मी पायी बघीन. हे माझे वचन.”

बाबू हसून म्हणाला, “लागार्देरसारखे?”

“बहिर्जीसारखे,” काका म्हणाले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. सरहद्द ओलांडून आलेल्या मोटारींची रीघ खफजीच्या रस्त्यावर लागली. तेलाचे काम थांबले नाही. पाच महिने ती माणसे तोफांच्या टप्प्यात राहून नळ सांधीत होती. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे हवाई युद्धाला तोंड लागले. त्याच दिवशी सरहद्दीपलीकडून आलेल्या गोळ्यांनी गावातील तेलाची एक टाकी पेटली, आणि खफजी रिकामे करण्यात आले. कॅम्पसमोर बसगाड्या उभ्या राहिल्या. कामगारांना क्रमांक पुकारून गाड्यांत बसविले जात होते. काकांचा क्रमांक एका गाडीत, बाबूचा दुसऱ्या. निरोप घ्यावयासही सवड मिळाली नाही. गाडी हलली, तशी काकांनी खिडकीतून सदऱ्याच्या खिशावर दोनदा हात आपटला. कागद तेथे आहे, असा त्याचा अर्थ होता. कॅसेट मात्र दिवाणखान्यातील यंत्रातच राहिली.

बारा दिवसांनी, २९ जानेवारीच्या रात्री, इराकी फौजा त्या ओस गावात घुसल्या. सौदी व कतारी सैन्याने, अमेरिकी मरीन सैनिकांच्या साहाय्याने, १ फेब्रुवारीपर्यंत ते परत घेतले. त्या लढाईत कोणी ताठ उभा राहून नाव पुकारले नाही आणि कोणी कोणाला आधी सावध केले नाही. रणगाडे, अग्निबाण आणि विमाने यांनी दुरून एकमेकांना जाळले. शेकडो योजने दूर, मॉरिशसमधील आपल्या घरी दूरचित्रवाणीवर बाबूने जळालेल्या गाड्या आणि भोके पडलेल्या भिंती पाहिल्या. ज्या गावात आपण तीन हिवाळे तलवारीची गोष्ट सांगितली, ते हेच, हे त्याला ओळखता येईना.

काकांचा ठावठिकाणा त्याच्याजवळ नव्हता. कंत्राटदाराचे कार्यालय दुसरीकडे गेले. काकांना लिहिलेले एक पत्र मुंबईहून पत्ता अपुरा म्हणून परत आले. एक वर्ष गेले, दुसरे गेले. बाबूने उपजीविकेसाठी गावातच वेल्डिंगचे दुकान घातले. त्याची थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली आणि वैकल्पिक भाषा म्हणून मराठी घेऊ लागली. शेजारी कधी खफजीची आठवण काढीत. त्या वचनाबद्दल मात्र तो कोणाजवळ बोलला नाही. बोललेली अनेक वचने वाऱ्यावर जातात, हे तो लहान वयात शिकला होता. तसे झाले तरी काकांना दोष द्यावयाचा नाही, असे त्याने ठरवून टाकले होते.

१९९३ च्या गणेशचतुर्थीनंतर एक जाड पाकीट आले. त्यावर भारताची तिकिटे होती. त्या नोंदवहीच्या उताऱ्यावर घराचा पत्ता होता, त्यावरून ते नीट पोहोचले. आत वहीची चार पाने, पेन्सिलीने लिहिलेली. बाबूने दिवा ओढून घेतला आणि अक्षर लावून लावून वाचू लागला. जेथे अडे तेथे मुलगी आपल्या पाठ्यपुस्तकातून मदत करी. दोन संध्याकाळी त्या चार पानांत गेल्या.

काकांनी लिहिले होते, की खफजीहून परतल्यावर ते दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते. पाठीच्या मणक्याने दगा दिला होता, आणि आता ते वाकूनच चालतात. बरे वाटू लागल्यावर पावसाळा संपताच ते काठी घेऊन निघाले. कोंड असुर्डे, कोंडउमरे, कोंडगाव, तिन्ही ठिकाणी ते गेले. म्हाताऱ्या माणसांना त्यांनी विचारले. त्या नावाचा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईला गेला आणि परत आला नाही, असे कोणाला आठवते काय? कोणालाच आठवले नाही. परत न आलेली माणसे प्रत्येक गावात एवढी होती, की एकेक आठवावयाचा कसा, असे एका वृद्ध बाईने त्यांना उलट विचारले. मग काकांनी तिन्ही गावांच्या ग्रामदेवतेपुढे एकेक नारळ ठेवला आणि पणजोबांचे नाव घेऊन गाऱ्हाणे घातले. ‘यातले तुझे गाव कोणचे ते मला कळले नाही,’ असे शेवटच्या पानावर होते. ‘देवाला माहीत असेल. मी तिघांनाही सांगून ठेवले आहे, की तुझा माणूस दर्यापार आहे, त्याच्या लेकराबाळांना सांभाळ.’

त्याच्याखाली सही होती आणि सहीखाली, मुद्दाम मोठ्या अक्षरांत, ‘तलवार तुटली नाही.’

क्रियापदाचे लिंग बरोबर होते. बाबू ते वाचून हसला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

मुलगी मात्र एका शब्दापाशी अडली होती. ‘गाऱ्हाणे’ हा शब्द तिच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. बाबूलाही तो नीटसा ठाऊक नव्हता. दाराशी त्याची वृद्ध आई धान्य निवडीत बसली होती. तिला लिहितावाचता येत नसे. भारत तिने पाहिला नव्हता, आणि आपल्याला खरी मराठी येत नाही, असे ती सर्वांना नेहमी सांगे. तिने सूप खाली ठेवले. गाऱ्हाणे घालावयाचे म्हणजे नारळ पुढे ठेवून, घरातल्या एकेकाचे नाव घेऊन, देवाला काय सांगायचे असते, हे तिने नातीला सांगितले. सासूने तिला शिकविले होते, सासूला तिच्या सासऱ्याने. तो सासरा म्हणजे नोंदवहीतला तोच माणूस, हाताच्या पाठीवर व्रण असलेला.

कुबड्याच्या कथेत नेव्हेरचा एक गुप्त वार आहे. तो कागदावर कोठे लिहिलेला नसतो. ज्याला ठाऊक आहे त्याने दुसऱ्याला शिकवायचा असतो, आणि वारस ओळखावयाचा तो त्यावरून. बाबूने ही उपमा आईला सांगितली नाही. तिला चित्रपटांत रस नव्हता. त्याने उठून स्वयंपाकघरातून एक नारळ आणला, आईपुढे ठेवला, आणि म्हणाला, “आई, मला पण शिकव.” त्या संध्याकाळी गाऱ्हाण्यात घरच्या माणसांची नावे घेऊन झाल्यावर संगमेश्वर तालुक्यातील एका वाकलेल्या माणसाचे नावही घेण्यात आले.